माल्टा आणि इंग्रजी साहित्याचे अध्ययन

इंग्रजी साहित्याच्या उच्च अध्ययनासाठी परदेशी जावयाचे म्हणजे इंग्लंडलाच, ही समजूत आपल्या विद्याजगतात दीर्घकाळ रूढ होती. भूमध्य समुद्रातील माल्टा या अवघ्या ३१६ चौरस किलोमीटरच्या द्वीपराष्ट्रात मात्र याच विषयाला निराळे परिमाण लाभते. तेथील विद्यापीठाचे मूळ १५९२ मध्ये स्थापन झालेल्या जेझुइट विद्यालयात आहे. ब्रिटिश सत्ता तेथे आली ती १८०० मध्ये. विद्यापरंपरा जुनी आणि इंग्रजी नवी, असा हा क्रम आहे.

बेटाची स्वभाषा माल्टी. तिचे मूळ अरबी, शब्दसंग्रहाचा मोठा भाग सिसिलियन व इटालियन, लिपी रोमन. तेथील कॅथलिक समाज ईश्वराला ‘अल्ला’ म्हणतो. १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेले फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला भाषा, लिपी व धर्म यांची ही सरमिसळ परकी वाटू नये.

शतकानुशतके तेथील विद्वानांची भाषा इटालियन होती. १९३४ मध्ये तिची जागा जाऊन इंग्रजी व माल्टी या राजभाषा ठरल्या. त्यामुळे कोणत्या भाषेत लिहावे, हा तेथील लेखकापुढे केवळ रुचीचा प्रश्न राहिला नाही. डुन कार्म या कवीने इटालियनमध्ये काव्यलेखन केल्यानंतर १९१२ मध्ये माल्टीचा अंगीकार केला. फ्रान्सिस एबेयर याने नाटकांसाठी प्रामुख्याने माल्टी व कादंबऱ्यांसाठी इंग्रजी योजिली.

अशा भूमीवर मार्लोचे ‘द ज्यू ऑफ माल्टा’ वाचताना वाचकाचे स्थानच पालटते. इंग्रज नाटककाराने जे दूरचे नेपथ्य म्हणून कल्पिले, ती वाचकाच्या पायाखालची भूमी असते. १८०४-०५ मध्ये कोलरिज तेथे होता व काही काळ त्याने प्रशासनाचे सचिवपद सांभाळले; महाकवीच्या चरित्रातील हे प्रकरण बेटाच्या दृष्टीने राज्यकारभाराच्या इतिहासाचे एक पान ठरते.

केवळ इंग्रजी उच्चार घोटून परतणाऱ्या विद्यार्थ्याला यातील काहीच लाभणार नाही. माल्टी कानावर पडत असताना ती ऐकण्याची तयारी त्याने ठेवली पाहिजे. मग इंग्रजी ही साहित्याची स्वयंसिद्ध भाषा नसून, इतर भाषांच्या शेजारी इतिहासक्रमाने येऊन बसलेली एक भाषा आहे, हे त्याला उमगते. बहुभाषिक भारतातील अभ्यासकाला ही जाणीव आपल्या ग्रंथालयातही होऊ शकते. परंतु नित्य परिचयाने झाकलेली गोष्ट कधी कधी परक्या किनाऱ्यावरूनच स्पष्ट दिसते.