विश्लेषण : घरात पिंजरा असेल, तर धान्याच्या पतंगांना गोळी का नको?

संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती करडे, छोटे पतंग फिरू लागले की पहिला संशय पिठाच्या डब्यावर जातो. रवा चाळला जातो, गव्हाची कोठी उपसली जाते, डाळ गच्चीवर जाते. पतंग मात्र कमी होत नाहीत. ज्या घरात पक्षी पाळलेले आहेत, तिथे शोधाची सुरुवात दुसरीकडून करावी लागते : राळ्याची पिशवी आणि पिंजऱ्याखालचा ट्रे. छत्रपती संभाजीनगरात पावसाळ्यातल्या दमट हवेत हा त्रास वाढतो आणि मग सवयीने फवारा मारला जातो किंवा डब्यात गोळी टाकली जाते. पतंगाच्या आधी पक्षी मरण्याचा धोका तिथेच आहे.

हे पतंग कोणते?

बहुतेक वेळा दोनपैकी एक. तांदळावरचा पतंग, म्हणजे कॉर्सिरा, अंगभर एकसारखा फिकट करडा-तपकिरी असतो. नाव तांदळाचे असले तरी ज्वारी, बाजरी, राळा, शेंगदाणे त्याला सगळेच चालते. दुसरा ‘इंडियन मील मॉथ’. त्याच्या पंखांचा डोक्याकडचा भाग फिकट आणि मागचा तांबूस असतो. या नावातल्या ‘इंडियन’चा भारताशी संबंध नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला ‘इंडियन मील’ म्हणत आणि तिथले कीटकशास्त्रज्ञ एसा फिच यांनी १८५६ मध्ये या पतंगाला ते नाव दिले.

उडणारा पतंग धान्य खात नाही. तो थोडे दिवस जगतो आणि मादी शेकडो अंडी घालते. नुकसान करते ती अळी. ती रेशमासारख्या धाग्याने दाणे एकमेकांना गुंफते, त्यालाच आपण ‘जाळी धरली’ म्हणतो. पूर्ण वाढलेली अळी धान्य सोडून भिंतीवर चढते आणि छताच्या कोपऱ्यात, मांडणीच्या खाचेत किंवा डब्याच्या झाकणाच्या आट्यांत कोष करते. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून पतंग व्हायला साधारण महिना ते दीड महिना लागतो.

मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकांना कॉर्सिरा नकळत ओळखीचा आहे. बोंडअळीसाठी शेतात लावतात त्या ट्रायकोकार्डवर याच पतंगाची अंडी चिकटवलेली असतात. त्यांत ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी वाढते. त्यासाठी प्रयोगशाळेत हा पतंग मुद्दाम पोसला जातो आणि त्याला खायला दिला जातो ज्वारी, बाजरी किंवा मक्याचा भरडा. पक्ष्यांसाठी आपण जे खाद्य आणतो ते याहून फार वेगळे नाही.

पिंजराच मूळ कसा?

बाजारात ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात, ते बहुतेक बजरिगार असतात. हे पक्षी दाणा सोलून खातात. टरफल वाटीतच राहते, वरून वाटी भरलेली दिसते आणि आपण त्यावर नवे खाद्य ओततो. तळाशी जुने दाणे महिनोन्महिने पडून राहतात. उडालेले दाणे ट्रेच्या कडेला, कागदाखाली, फरशीच्या फटीत साचतात. त्यात खाद्य अनेकदा सुटे, उघड्या पोत्यातून घेतलेले असते. अंडी तिथूनच घरी येतात.

अळ्या पक्ष्यांनी खाल्ल्या तर सहसा काही होत नाही. काही पक्षी त्या आवडीने टिपतातही. घाबरायचे ते बुरशीला. जाळीचे गठ्ठे झालेले, कुबट वास येणारे खाद्य चाळून वापरू नये, सरळ फेकावे. मका आणि शेंगदाण्यावरच्या बुरशीचे विष पक्ष्यांच्या यकृतावर जाते.

फवारा आणि गोळी का नको?

पक्ष्यांची श्वसनसंस्था आपल्यासारखी नसते. फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि श्वास घेताना व सोडतानाही ताजी हवा फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहते. उडण्यासाठी प्राणवायू भरपूर मिळतो, पण हवेतले विषही तितक्याच वेगाने रक्तात जाते. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून १९११ पासून कॅनरी पक्षी नेत. ही पद्धत १९८६ मध्ये बंद झाली. बंद खोलीत झुरळांचा फवारा मारला की आपला पक्षी त्या कॅनरीच्या जागी असतो.

सर्वांत घातक ती धान्यात ठेवायची अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो माणसांनाही मारतो आणि फटींमधून शेजारच्या खोलीत जातो. ३ ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर केंद्राने २००१ मध्येच बंदी घातली. तरीही ‘एक गोळी टाका, वर्षभर बघायला नको’ हा सल्ला अजून ऐकू येतो. वरच्या किंवा शेजारच्या फ्लॅटमध्ये धुरीकरण होणार असेल, तर पिंजरा नातेवाइकांकडे हलवा.

डांबर गोळ्या, पाऱ्याच्या टिकड्या, बोरिक पावडर यांपैकी काहीही पक्ष्यांच्या खाद्यात नको. डाळीला एरंडेल चोळणे ठीक, राळ्याला नाही. लवंग-तमालपत्राने वास येतो, अळी मरत नाही.

मग करायचे काय?

पहिला उपाय फ्रीझर. नवे खाद्य घरी येताच एक-एक किलोच्या घट्ट बंद पिशव्या करून ठेवा. उणे १८ अंशांवर आठवडाभरात अंड्यांसह सगळे मरते. सिंगल डोअर फ्रीजचा बर्फाचा कप्पा इतका थंड होत नाही, म्हणून तिथे आठ-दहा दिवस ठेवा. मध्ये बराच वेळ वीज गेली तर दिवस पुन्हा मोजा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतला गारवा जाईपर्यंत थांबले नाही, तर दाण्यांवर पाणी धरते आणि बुरशीला आमंत्रण मिळते.

फ्रीझरमध्ये जागा नसेल तर ऊन, पण नुसते पसरून नव्हे. अळ्या दाण्यांखालच्या सावलीत सरकतात. खाली काळे प्लास्टिक, त्यावर पातळ थर, वर पारदर्शक प्लास्टिक आणि कडा दाबलेल्या असे केले की एप्रिल-मेच्या उन्हात आतले तापमान ५० अंशांपुढे जाते. सूर्यफुलाच्या बिया मात्र उन्हात ठेवू नका, तेल खवट होते.

मग सफाई. पिंजरा हलवून ट्रे, वाट्या आणि मांडणी गरम साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडी करा. कोपऱ्यांतले कोष व्हॅक्यूम क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने काढा. काढलेला कचरा त्याच दिवशी पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. खाद्य रबरी रिंगच्या झाकणाच्या बरणीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांपुरतेच आणलेले बरे. पोते स्वस्त पडते, पण पतंगांनाही.

ऑनलाइन मिळणारे गंधसापळे मागवण्याआधी पतंग ओळखा. ते बहुतेक इंडियन मील मॉथसाठी असतात, कॉर्सिरा त्यांकडे फिरकत नाही. शिवाय त्यांत फक्त नर अडकतात, त्यामुळे त्रास किती आहे हे कळते, तो संपत नाही. चिकट कागद मोकळ्या सोडलेल्या पक्ष्याच्या पंखांना लागला तर तो सोडवणे फार अवघड. सापळा बंद कपाटातच ठेवा.

युरोपात ट्रायकोग्रामाची कार्डे घरातल्या कपाटांसाठीही विकली जातात. आपल्याकडे मिळतात ती शेतासाठी असतात, स्वयंपाकघरात टांगण्याची घाई नको.

किती दिवस?

सफाईनंतरही तीन-चार आठवडे एखाद-दुसरा पतंग दिसेल. तो जुन्या कोषातला असतो. चपलेने मारा आणि पुढे चला. सलग दोन महिने दिसला नाही, तर पिढी तुटली असे समजा.

या काळात पक्षी चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागला, शेपटी वरखाली हलू लागली किंवा तो दांडीवरून खाली बसला, तर त्याला आधी मोकळ्या हवेत न्या आणि लगेच पशुवैद्यकाला गाठा. घरात काय फवारले होते त्याचा डबा सोबत घ्या, उपचार त्यावर ठरतात.