नाताळाचा ताण आणि आगमनकाळाची शांती

ताणाचे स्वरूप

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीच्या परिसरात डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबेही याच काळात फडावर असतात. ग्रामीण ख्रिस्ती घरांत नाताळ येतो तो अशा धावपळीत. करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ, केक, मुलांचे नवे कपडे, शहरातून येणारे पाहुणे, हे सारे त्याच दिवसांत जुळवायचे असते. कापसाचे पैसे हाती येण्याआधीच दुकानाची उधारी वाढते. वर्षभरात घरातले कोणी वारले असेल, तर दारावर चांदणी लावतानाच त्यांची उणीव सर्वाधिक जाणवते.

आगमनकाळ

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ जन्म. या जन्मोत्सवापूर्वीच्या चार रविवारांच्या काळास आगमनकाळ म्हणतात. त्याचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांदरम्यान येतो, म्हणून हा काळ 22 ते 28 दिवसांचा असतो. अनेक मंडळ्यांत दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत नेतात आणि त्या चारींना आशा, शांती, आनंद व प्रीती अशी नावे देतात. या प्रथेचा उगम 1839 मध्ये हॅम्बुर्ग येथे योहान विखर्न या धर्मोपदेशकाने गरीब मुलांच्या आश्रमात लावलेल्या दिव्यांत शोधला जातो. वाट पाहण्याला येथे माप मिळते. एका आठवड्यात एकच ज्योत वाढते. उरलेल्या अंधाराची घाई करावी लागत नाही.

आशा आणि शांती

‘सगळे ठीक होईल’ हा अंदाज म्हणजे ख्रिस्ती आशा नव्हे. अंदाज परिस्थितीवर टेकतो, आशा देवाच्या वचनावर. हिब्रूत आशेसाठी ‘तिक्वा’ हा शब्द आहे आणि त्याच रूपाच्या शब्दाचा अर्थ दोरी असाही होतो. ताण पडल्यावरच दोरीचा उपयोग कळतो, म्हणून हे साम्य अर्थपूर्ण वाटते. ‘शालोम’ म्हणजे केवळ निवांतपणा नव्हे, तर पूर्णता. ज्या धातूपासून हा शब्द बनला, त्याच धातूपासून ऋण फेडण्याचे क्रियापदही बनते. त्यामुळे अबोला धरलेल्या भावाच्या घरी फराळाचे ताट पाठवणे किंवा ऐपतीबाहेरची खरेदी टाळणे, हीसुद्धा शांतीचीच कामे ठरतात.

मूळ कथा

लूकच्या शुभवर्तमानातील जन्मकथा आरामाची नाही. सम्राट औगुस्ताच्या नावनोंदणीच्या हुकुमामुळे दिवस भरत आलेली मरिया नासरेथहून बेथलेहेमला जाते. हे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. उतरायला जागा नसते, बाळाला गव्हाणीत ठेवावे लागते. शांतीची घोषणा ऐकू येते ती रात्रपाळीने मेंढरे राखणाऱ्यांना. पाचटाच्या खोपीत बाळाला निजवणाऱ्या ऊसतोड आईला ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

मराठी आधार

मराठी मंडळीला या आशयासाठी स्वतःचे सूर लाभले आहेत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाची वाट ख्रिस्ती उपासनेत रुळवली. ती परंपरा येथे फार उपयोगी पडते, कारण भजनाला खर्च लागत नाही. टाळ-ढोलकीवर दहा घरे एकत्र बसली की एकाच घरावर यजमानपणाचा भार राहत नाही. शोकाकुल कुटुंबालाही तेथे काही न बोलता बसता येते.

मर्यादा

प्रार्थनेने उधारी फिटत नाही, ऊसतोडीची मजुरी वाढत नाही. सततची उदासी, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे ही विश्वासाच्या कमतरतेची लक्षणे नव्हेत. त्यांवर उपचार असतात. 2022 पासून सुरू असलेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. धर्मगुरूने हा क्रमांक उपासनेत जाहीर करणे हे सांत्वनाच्या सेवेतच मोडते.

उत्सवाचे बारा दिवस

पंचांगात एक सोयही आहे. 25 डिसेंबरला नाताळ संपत नाही, सुरू होतो; तो प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत चालतो. वेचणीमुळे राहून गेलेल्या भेटीगाठी, राहिलेला फराळ, फडावरून उशिरा परतलेल्या कोणाचे स्वागत, हे सारे या दिवसांत करता येते.