ग्रेंजर बंधूंचं बिनशेपटीचं विमान

इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम शहर लेससाठी प्रसिद्ध. तिथल्या लेसच्याच धंद्यातल्या ग्रेंजर बंधूंनी १९२०च्या दशकात फावल्या वेळात एक विमान बांधायला घेतलं. त्यासारखं दुसरं कधी झालं नाही. त्यांनी नाव ठेवलं ‘आर्किऑप्टेरिक्स’.

हौशी माणसाला उडायचंच असेल, तर १९२५ साली आलेलं डी हॅविलंड कंपनीचं ‘मॉथ’ विमान होतं. ग्रेंजर बंधूंनी मात्र त्या काळातल्या सगळ्यात अवघड प्रश्नाला हात घातला, आणि मला त्यांचं मोठेपण इथेच दिसतं. विमानाचं नाक प्रमाणाबाहेर वर गेलं की पंखांवरून वाहणारी हवा पंखांना सोडते, उचल ढासळते. हा ‘स्टॉल’. जमिनीजवळ तो झाला, तर सावरायला उंचीच उरत नाही. अनेक वैमानिकांचे प्राण त्यात गेले. कॅप्टन जेफ्री हिल यांनी त्यावर शोधलेला उपाय धाडसी होता: शेपूटच नको. पंख मागे झुकवायचे आणि त्यांची टोकं स्वतंत्रपणे फिरती ठेवायची. दोन्ही टोकं एकाच दिशेने वळली की नाक वर-खाली होतं; एकमेकांच्या उलट वळली की विमान कुशीवर कलतं. मधला पंख स्टॉल झाला तरी टोकं वैमानिकाचं ऐकत राहतात. हिल यांच्या त्या विमानाचं नाव ‘टेरोडॅक्टिल’.

ग्रेंजर बंधूंनी तोच मार्ग धरला, पण हिल यांनी मागे बसवलेलं इंजिन पुढे नाकावर आणलं. इंजिन होतं जेमतेम ३२ अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरांचं ब्रिस्टल चेरब. आराखड्यात त्यांना सी. एच. लॅटिमर-नीडहॅम यांचा सल्ला मिळाला. हॉवरक्राफ्टच्या कडेला असणारा लवचीक घेर पुढे याच गृहस्थांनी शोधला. ऑक्टोबर १९३० मध्ये हकनॉल इथे एका आसनाचं, उघड्या कॉकपिटचं हे विमान पहिल्यांदा हवेत गेलं.

मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घ्यावा असा हा प्रयोग दोन भावांनी पदरमोड करून तडीस नेला, आणि पुढे काही वर्षं ते विमान उडवलंही. १९३५ साली विमानांचे संग्राहक रिचर्ड शटलवर्थ यांच्या निमंत्रणावरून ते बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डनला जाऊन आलं. पुढच्या वर्षी उड्डाणं थांबली आणि विमान चिलवेलला झाकून ठेवलं गेलं. शटलवर्थ १९४० साली विमान अपघातात गेले. त्यांच्या आईने न्यासाच्या रूपाने त्यांचा संग्रह जपला. १९६७ मध्ये ‘आर्किऑप्टेरिक्स’ त्याच संग्रहाला देण्यात आलं. तिथे त्याची डागडुजी झाली आणि जून १९७१ मध्ये ते पुन्हा उडालं.