त्वचेची खळ

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. कापड विणण्यापूर्वी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ देतात. खळ नसेल तर सूत मागावर घासून वारंवार तुटते. मनुष्याच्या त्वचेलाही निसर्गाने अशीच एक खळ दिली आहे. मात्र ती स्निग्ध पदार्थांची असते.

त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातील पेशी भिंतीतील विटांप्रमाणे रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत चुन्याप्रमाणे स्निग्ध द्रव्य भरलेले असते. त्यामुळे शरीरातील ओल उडून जात नाही व रोगजंतूंना सहज आत शिरता येत नाही. हे द्रव्य मेदाम्लांपासून घडते. बहुतेक मेदाम्ले शरीर स्वतःच तयार करते; परंतु त्वचेला अत्यावश्यक असे लिनोलेइक आम्ल त्याला तयार करता येत नाही.

ही गोष्ट अमेरिकेतील जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याच्या प्रयोगांतून उघडकीस आली. १९२९ साली त्यांनी काही उंदरांना स्निग्धांश नसलेले अन्न दिले. इतर पोषण मिळूनही त्यांची वाढ खुंटली, त्वचा खरखरीत झाली आणि शेपटीवर खवले आले. लिनोलेइक आम्ल देताच ते पुन्हा सुधारू लागले. हे आम्ल आपल्याकडील कर्डईच्या तेलात विपुल असते; तीळ व शेंगदाणे यांतूनही ते मिळते.

काही वनस्पतिज तेले बाहेरून उपयोगी पडतात. कोकणात टाचांना भेगा पडल्या की कोकमाचे तेल लावतात. रातांब्याच्या बियांतील गर कुटून पाण्यात उकळला म्हणजे तेल वर तरंगते व निवल्यावर थिजते. त्याचे गोळे वळून ठेवतात. या तेलास मुठेल असेही नाव आहे. स्टिअरिक आम्लामुळे ते घट्ट राहते. किंचित ऊन करून लावले की भेगेवर त्याचा थर बसतो आणि आतील ओल टिकते. दिवसभर मागापाशी उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या टाचांनाही त्याने आराम पडतो.

तथापि तेल म्हणजे सर्व विकारांवरील औषध नव्हे. भेगेतून रक्त अथवा पू येऊ लागल्यास डॉक्टरांकडेच जावे. टाचेला तेल लावावे, तसेच ताटातील तेलबियांकडेही लक्ष असावे. कारण त्वचेची भिंत मुख्यतः आतूनच बांधली जाते.