शंभर ओंजळी, वीस किलो

कूट करायचं असलं की आई आधी दाणे ताटात पसरायची. खिडकीशी बसून, चष्मा लावून, सुरकुतलेला, काळपट पडलेला, बुरशी धरलेला एकेक दाणा चिमटीनं बाजूला काढायची आणि मगच कढई चुलीवर चढायची. दोन किलोंमागे असे दाणे मूठभरसुद्धा निघत नसत. आम्हा मुलांना तो वेळेचा अपव्यय वाटे. ‘एक दाणा सगळं कूट नासवतो,’ एवढंच ती म्हणायची.

पुढे परदेशी जाणाऱ्या शेतमालाच्या तपासणीचे नियम वाचायची वेळ आली, तेव्हा आईचं ते वाक्य जवळपास जसंच्या तसं तिथं भेटलं. युरोपच्या बंदरात भुईमुगाच्या दाण्यांचा कंटेनर उघडला की एका पोत्यातून मूठभर माल काढून काम भागत नाही. मोठ्या मालाचे आधी भाग पाडतात. मग प्रत्येक भागाच्या आतून-बाहेरून, वरून-खालून, शंभर जागांवरून साधारण दोन-दोनशे ग्रॅम दाणे काढायचे. म्हणजे शंभर ओंजळी, वीस किलो. या वीस किलोंचे दहा-दहा किलोंचे दोन हिस्से होतात. प्रयोगशाळेत एक हिस्सा सबंधच्या सबंध दळला जातो, बरेचदा पाणी घालून त्याचा पातळ लगदा करतात, आणि त्या लगद्यातले काही ग्रॅम यंत्रापुढे जातात.

एवढा खटाटोप कशासाठी? दाण्यावरच्या बुरशीनं तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं म्हणून. हजार दाणे निर्मळ असतात आणि एखाद्याच दाण्यात त्याचा साठा असतो. तो दाणा हाताला लागला तर माल नापास, नाही लागला तर पास. नशिबाचा हा भाग कमी करायचा तर नमुना मोठा घ्यावा लागतो, दुसरा उपाय नाही. आणि मर्यादा तरी किती बारीक! थेट खाण्यासाठी विकायच्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ एका किलोत 2 मायक्रोग्रॅम, आणि चारही प्रकार मिळून 4. हजार टन दाण्यात, म्हणजे पन्नासेक कंटेनरांत मिळून, दोन ग्रॅम. निवडून-पाखडून मग वापरायच्या मालाला थोडी सूट आहे: अनुक्रमे 8 आणि 15.

या तपासणीची गोष्ट सुरू झाली ती टर्की पक्ष्यांपासून. 1960 साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की मेल्या. खाणं सोडायच्या, पंख पाडायच्या, आठवडाभरात आडव्या व्हायच्या. कारण सापडेना म्हणून पशुवैद्यांनी रोगाला नाव दिलं ‘टर्की एक्स’. जंतू शोधले, विषाणू शोधले, हाती काही लागलं नाही. शेवटी माग निघाला खाद्यात: ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड. तिच्यात अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. बुरशीच्या नावाची अक्षरं घेऊन विषाचं नाव ठरलं अफ्लाटॉक्सिन. अतिनील प्रकाशाखाली त्याचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. इंग्रजीतल्या ‘ब्लू’ आणि ‘ग्रीन’वरून बी आणि जी ही नावं आली, ती आजही प्रत्येक तपासणी अहवालावर छापली जातात.

आपल्याला हे विष टर्कींपेक्षा कितीतरी महागात पडलं. 1974 साली राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात मक्याच्या काढणीच्या सुमाराला अवेळी पाऊस झाला. भिजलेला मका झोपडीत तसाच साठवला गेला, आणि घरात दुसरं धान्य नव्हतं म्हणून तोच खाल्ला गेला. माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं. त्याच घरातली कुत्रीही तशीच आजारी पडून मेली. नोंदलेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. बहुतेक सगळे गरीब आदिवासी. युरोपची एखादी मर्यादा अतिरेकी वाटली की मला हा आकडा आठवतो. थोडंथोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हेच अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाला आमंत्रण देतं. भाजल्यानं ते थोडं कमी होतं, पण जात नाही.

आता ज्या यादीमुळे युरोपच्या बंदरात असे कंटेनर उघडले जातात, तिच्याकडे वळू. वनस्पतीपासून आलेल्या, धोका जास्त असलेल्या अन्नाची आणि पशुखाद्याची यादी हेच या लेखाचं मुख्य पात्र आहे. मांस, दूध, अंडी यांची सीमेवर कडक तपासणी जुनी आहे. पण मिरची, तीळ, भेंडी, पेंड हे पदार्थ बराच काळ तुलनेनं मोकळे येत. अडचण आली की त्या-त्या मालापुरता हुकूम निघे. 1997 साली इराणी पिस्त्यावर अफ्लाटॉक्सिनमुळे आलेली बंदी तशीच होती. असे सुटे हुकूम साठत गेले. जानेवारी 2010 पासून युरोपीय संघानं जादा तपासणीच्या मालाची एकच यादी लागू केली आणि डिसेंबर 2019 पासून 2019/1793 या क्रमांकाच्या नियमात सगळं एकत्र बांधलं.

या यादीला तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या मालाची कागदपत्रं प्रत्येक खेपेला तपासली जातात, आणि ठरावीक टक्के खेपा प्रत्यक्ष उघडल्या जातात: कुठे 5, कुठे 20, कुठे 50. कुठली खेप उघडायची हे व्यापाऱ्याला आधी कळत नाही. दुसऱ्या पायरीवर माल निघण्याआधीच निर्यात करणाऱ्या देशात त्याची चाचणी होऊन सरकारी दाखला जोडावा लागतो. भारताचा भुईमूग या पायरीवर आहे. तिसरी पायरी म्हणजे दार बंद. नायजेरियाची वाळलेली कडधान्यं 2015 पासून तिथं उभी आहेत, कारण साठवणीत कीड लागू नये म्हणून वापरलेल्या डायक्लोरव्हॉसचा अंश वारंवार सापडला.

मला या यादीत सगळ्यात मोलाची वाटते ती तिची सहा महिन्यांची अट. सहा महिन्यांच्या आत ती पुन्हा तपासायची, असं नियमातच लिहिलेलं आहे. सीमेवरचे निकाल, सदस्य देशांनी एकमेकांना पाठवलेले धोक्याचे इशारे, निर्यातदार देशानं केलेल्या सुधारणा हे सगळं पुढ्यात घेऊन टक्का वाढतो, उतरतो, माल पायरी चढतो किंवा यादीतून बाहेर पडतो. एकदा शिक्का बसला की जन्मभर, असं इथं होत नाही. आपल्याकडे मात्र बातमी येते ती फक्त नाव चढल्याची. मग ‘युरोपनं पुन्हा अडवणूक केली’ असा सूर लागतो आणि नाव का चढलं हा प्रश्न मागे राहतो.

नाव का चढतं, त्याची दोन उदाहरणं आपल्या घरातलीच आहेत. मे 2003 मध्ये फ्रान्सला भारतातून आलेल्या मिरचीच्या मालात सुदान-१ सापडला. हा रंग मेण, तेल, बूट-पॉलिश यांना द्यायचा. खाण्यात त्याला कुठेच परवानगी नाही. तिखट लालभडक दिसावं म्हणून तो कोणीतरी मिसळला होता. संघानं लगेच चाचणीची सक्ती केली. तरी आधीच देशात शिरलेली भेसळीची पूड ब्रिटनमध्ये एका सॉसमध्ये गेली, तो सॉस इतर तयार पदार्थांत गेला, आणि फेब्रुवारी 2005 मध्ये तिथल्या दुकानांतून चारशेहून अधिक पदार्थ परत मागवावे लागले. कच्चा माल किती दूरवर झिरपतो याचा इतका स्पष्ट धडा दुसरा नाही. सीमेवर एक पोतं अडवणं सोपं असतं. तेच पोतं शेकडो पाकिटांत वाटलं गेल्यावर शोधणं म्हणजे सांडलेलं तेल वेचणं.

दुसरं उदाहरण तिळाचं, आणि ते जास्त शिकवणारं आहे, कारण तिथं फसवण्याचा हेतू नव्हता. तिळात साल्मोनेला जंतू सापडतो म्हणून युरोपची तक्रार जुनी. त्यावर तोडगा म्हणून काही ठिकाणी तिळाला इथिलीन ऑक्साइड या वायूची धुरी दिली गेली. जंतू मेले, पण हा वायू कर्करोगकारक मानला जातो आणि अन्नासाठी युरोपात त्यावर बंदी आहे. सप्टेंबर 2020 मध्ये बेल्जियमनं पहिला इशारा दिला. तिळाची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, काही खेपांमध्ये अंश हजारपटीहून जास्त निघाला. पाव, बिस्किटं, कोशिंबिरीवर भुरभुरायचे तीळ असं बरंच काही युरोपभर परत घ्यावं लागलं. ऑक्टोबर 2020 मध्ये भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा उघडून तपासायचा हुकूम निघाला, सोबत दाखलाही आला. एका दोषावर दुसरा दोष पांघरला की काय होतं, ते इथं दिसलं. खळ्यावर, गोदामात, सोलणी कारखान्यात स्वच्छता ठेवली असती तर धुरीची गरजच कमी पडली असती. तो रस्ता लांबचा आणि कष्टाचा आहे, पण तोच खरा आहे.

भेंडी आणि कढीपत्त्यावर कीटकनाशकांच्या अंशामुळे 2014 साली खास अटी आल्या. पुढे शेवग्याच्या शेंगाही यादीत आल्या. लंडनच्या वेम्बलीत किंवा साउथहॉलमध्ये राहणाऱ्या मराठी घराला कढीपत्त्याची जुडी महाग का, याच्या उत्तराचा एक भाग इथं आहे: तपासणीचा आणि थांबण्याचा खर्च आयातदार भरतो, आणि पालेभाजीला थांबणं परवडत नाही.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तेव्हा हा नियम त्यानं आपल्या कायद्यात तसाच ठेवला. 2021 पासून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडची यादी वेगळी चालते. उत्तर आयर्लंडला मात्र युरोपचीच लागू होते. ब्रिटनच्या यादीत बदल करायचा तर अन्न मानक संस्था (स्कॉटलंडमध्ये तिथली स्वतंत्र संस्था) सीमेवरचे निकाल आणि जोखमीचा अभ्यास मांडते, व्यापाऱ्यांची आणि लोकांची मतं मागवते आणि मंत्र्यांना शिफारस करते. परिणाम असा की भारतातल्या निर्यातदाराला आता एकाच मालासाठी दोन याद्या पाहाव्या लागतात. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात चालणारा टक्का ब्रिटनच्या फेलिक्सटो बंदरात चालेलच असं नाही. याद्या दोन झाल्यानं धोका दोन होत नाही, पण कागद दुप्पट होतात, आणि लहान निर्यातदार त्या कागदांतच दमतो. दोन्ही बाजूंनी निदान सारख्या मालाचे निकाल एकमेकांना दाखवावेत, असं मला मनापासून वाटतं.

आपण हे करू शकतो का? महाराष्ट्रानं एकदा केलेलं आहे. 2003 च्या हंगामात युरोपात द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानंतर शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेनं अंश तपासणीचा कार्यक्रम सुरू केला, पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली, आणि पुढे ग्रेपनेट या संगणकीय नोंद-व्यवस्थेमुळे पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येऊ लागला. कुठली फवारणी, काढणीच्या किती दिवस आधी, याची वही शेतकरी ठेवू लागले. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकामुळे पुन्हा मोठा फटका बसला, तेव्हा तपासायच्या रसायनांची यादी आणखी वाढवली गेली. आज युरोपच्या दुकानात आपली द्राक्षं दिसतात, ती त्या वह्यांच्या जोरावर.

भुईमुगाचं काम अवघड आहे, कारण बुरशी फवारणीच्या वहीत सापडत नाही. पीक भरताना शेवटच्या काही आठवड्यांत पावसानं ओढ दिली की ती जमिनीतच शेंगेत शिरते. काढणीला उशीर, कुदळीनं फुटलेली टरफलं, ओल असतानाच घातलेली थप्पी, सोलायच्या आधी शेंगांवर मारलेलं पाणी या प्रत्येक पायरीवर तिला वाव मिळतो. उपाय माहीत आहेत आणि ते स्वस्त आहेत. वेल उपटल्यावर शेंगा वर करून वाळवायच्या. शेंगेतली ओल आठ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय पोतं शिवायचं नाही. फुटक्या शेंगा वेगळ्या ठेवायच्या. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेनं कमी खर्चात होणारी अफ्लाटॉक्सिनची चाचणीही तयार केली आहे. मोठ्या कारखान्यांत प्रकाशाच्या झोतातून पडणारा प्रत्येक दाणा यंत्र बघतं आणि रंगात खोट दिसली की हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवतं. खिडकीशी बसलेली माझी आई तेच करत होती.

राहिला तो बाजूला काढलेला दाणा. युरोपनं नाकारलेली खेप नष्ट होते, दुसऱ्या वापराला जाते, त्यावर पुन्हा प्रक्रिया होते किंवा ती परत पाठवली जाते. आपल्या घरी, आपल्या घाण्यावर, आपल्या कारखान्यात निवडून काढलेला दाणा कुठे जातो? बरेचदा तेलाला. तेल शुद्ध करताना विष जवळपास निघून जातं, पण ते उरतं पेंडीत. पेंड जाते गोठ्यात, आणि गायीच्या पोटातून त्याचाच एक प्रकार, एम-१, दुधात उतरतो. टर्की मेल्या त्या पेंडीनंच. युरोपात दुधातल्या एम-१ची मर्यादा किलोमागे 0.05 मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडे ती 0.5 आहे, दहापट. परदेशी ग्राहकासाठी शंभर ओंजळी मोजणाऱ्या आपल्या व्यवस्थेनं आपल्या लेकरांच्या पेल्यातल्या दुधासाठीही तेवढीच काटेकोर व्हावं, ही माझी मागणी आहे.

तोवर आपल्या हातात असलेलं एवढं तरी करा. दाणे निवडाल तेव्हा काळा, सुरकुतलेला, बुरशी धरलेला दाणा गुरांच्या टोपलीत किंवा कोंबड्यांपुढे टाकू नका. तो जमिनीत पुरा.