टिचकी काय सांगते

माठ घेताना आजी त्यावर टिचकी मारून बघते, पाहिलंय ना? धड माठ खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. बाळांनो, तीच टिचकी गाईच्या पोटातलंही सांगते.

आपली गंगी व्याली, त्याला तीन आठवडे झाले होते. वासरू ठणठणीत, पण हिने आंबोण सोडलं, दूध निम्म्यावर आलं. डॉक्टरांनी आधी डावी भकाळी चाचपली. कोवळा लसूणघास जास्त खाऊन पोटफुगी झाली, की तो खळगा वर येतो आणि वाजवला तर ढोलासारखा घुमतो. गंगीचं तसं नव्हतं. मग त्यांनी डाव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप धरला, नळ्या माझ्या कानात घातल्या आणि शेजारीच टिचकी मारली.

टण्ण! रिकाम्या पितळी हंड्यावर नाणं पडावं तसा आवाज. मी दचकलोच. खाली वीतभर सरकून पुन्हा टिचकी मारली, तर नुसतं थप्प.

गाईच्या पोटाचे चार कप्पे. चौथ्याची जागा एरवी तळाला, जरा उजवीकडे. वासरू बाहेर आलं की पोटात पोकळी होते. त्यात हा कप्पा सुस्तावला आणि वायूने भरला, तर तरंगत डावीकडून वर येतो आणि पहिला मोठा कप्पा व बरगड्या यांच्यामध्ये अडकतो. आत वायू कोंडलेला, भिंत ताणलेली, म्हणून ती वाजते. मांस किंवा पाणी आवाज गिळून टाकतं.

ही विद्या पुस्तकात आणली ऑस्ट्रियाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरांनी, 1761 साली. वडील खानावळवाले. पिंपात दारू कुठवर आहे हे ते पिंप ठोकून ओळखत, त्यावरूनच लेकाला माणसाची छाती वाजवून बघायचं सुचलं, असं सांगतात. जवळजवळ पन्नास वर्षं फारसं कुणी लक्षच दिलं नाही! 1808 मध्ये नेपोलियनचे डॉक्टर कॉर्व्हिझार यांनी ते पुस्तक फ्रेंचमध्ये आणलं, तेव्हा कुठे जग ठोकून ऐकू लागलं. मला आउएनब्रुगर यांच्या धीराचं फार अप्रूप वाटतं. गुरांसाठी तर ही टिचकी आणखी मोलाची; मुक्या जनावराला कुठं दुखतंय हेही सांगता येत नाही.

गंगीला उभ्यानेच भूल देऊन कूस उघडली, वायू काढला, कप्पा जागेवर ओढून टाके घातले. संध्याकाळी डॉक्टरांनी नळ्या पुन्हा माझ्या कानात दिल्या आणि त्याच बरगडीवर टिचकी मारली.

थप्प.