टी.व्ही.वरची शोधस्पर्धा : हुनर कारागिराचा, हिशेब कोणाचा?

डोक्यातली नवी कल्पना घेऊन टी.व्ही.वर जायचे, चार-पाच धनवंतांसमोर ती मांडायची आणि भांडवल घेऊन यायचे, हा प्रकार 2001 साली जपानमध्ये सुरू झाला. 2005 मध्ये इंग्लंडच्या बी.बी.सी.ने ‘ड्रॅगन्स डेन’ आणला. अमेरिकेत ‘शार्क टँक’ 2009 साली आला, आपल्याकडे डिसेंबर 2021 मध्ये. आपल्या कारागीर बंधूंपैकीही काहींना तिथे जाण्याचा मोह होतो. म्हणून आधी तिथला व्यवहार समजून घेतलेला बरा.

मालेगाव म्हटले की आपल्याला यंत्रमाग आठवतो, पण त्याच तालुक्यातला शेतकऱ्याचा मुलगा कमलेश घुमरे 2022 साली या कार्यक्रमात झळकला. फवारणीचा पंप पाठीवर वाहावा लागू नये म्हणून त्याने हाताने ढकलायची गाडी बनवली होती. त्याने मागितले 30 लाख, बदल्यात 10 टक्के हिस्सा. म्हणजे धंद्याची किंमत त्याने 3 कोटी धरली. ठरले काय? 10 लाखांना 40 टक्के, आणि वर 20 लाख बिनव्याजी कर्ज. या भावाने पाहिले तर धंद्याची किंमत 25 लाखच झाली. बिनव्याजी कर्जाची बात चांगलीच आहे, पण मुद्दल फेडावेच लागते. टाळ्यांच्या गजरात हे गणित कोणी मांडत नाही.

दुसरी गोष्ट, पडद्यावर हात मिळवला म्हणजे सौदा पक्का झाला असे नव्हे. नंतर वह्या तपासल्या जातात, वकील बसतात, आणि पुष्कळ सौदे तिथेच मोडतात. अमेरिकेत तर सुरुवातीला अशी शर्त होती की सौदा होवो न होवो, भाग घेणाऱ्याने निर्मात्या कंपनीला 5 टक्के मालकी किंवा नफ्याचे 2 टक्के द्यावेत. ती 2013 मध्ये काढली गेली.

आता पारख कशी होते ते पाहा. तासभर चाललेली बोलणी कापून दहा-बारा मिनिटे दाखवतात. त्यात वस्तूपेक्षा माणसाची कहाणी जास्त भाव खाते. 2006 च्या ‘अमेरिकन इन्व्हेंटर’ या स्पर्धेत दहा लाख डॉलरचा शेवटचा निकाल प्रेक्षकांच्या मतांवर लागला. बाजारात गिऱ्हाईक खिशातून पैसे काढून मत देते, फोन फिरवून नव्हे!

परीक्षकही चुकतात. 2006 मध्येच इंग्लंडच्या रॉब लॉने मुलांना बसून ओढता येईल अशी ‘ट्रंकी’ बॅग मांडली. एका परीक्षकाने पट्टा ओढला, तो निसटला, आणि सौदा फिसकटला. पुढे या बॅगा लाखोंनी खपल्या. 2013 साली अमेरिकेत जेमी सिमिनॉफला दारावरच्या कॅमेरा-घंटीसाठी मनासारखा सौदा मिळाला नाही. 2018 मध्ये अ‍ॅमेझॉनने त्याची कंपनी शंभर कोटी डॉलरपेक्षा जास्त रकमेला घेतली.

ट्रंकीची पुढची हकीकत आपल्या कामाची आहे. दुसऱ्या कंपनीने तशीच बॅग काढली, खटला झाला, आणि 2016 मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात ट्रंकीवाले हरले. कारण नोंदणीला दिलेल्या चित्रात चाके आणि पट्टे गडद, बाकी अंग फिके होते, वर नक्षी काही नव्हती. संरक्षण तेवढ्याच रूपाला मिळाले. चित्र कोणते दिले, यावर सारे अवलंबून राहिले.

आपल्या देशात नियम आणखी कडक. पेटंटचा अर्ज करण्याआधी यंत्राची रचना टी.व्ही.वर उघड केली तर ती ‘नवी’ राहत नाही. अमेरिकेत शोधकाला वर्षाची सवलत आहे. आपल्याकडे ती सरकारने जाहीर केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या ठिकाणांपुरतीच. म्हणून आधी तात्पुरता अर्ज करावा. पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात.

कापडावरच्या नक्षीचा कायदा वेगळा, सन 2000 चा. नोंदणी 10 वर्षे चालते, आणखी 5 वाढवता येतात. इथेही अर्जाआधी नक्षी जाहीर झालेली चालत नाही. आणि नोंदणी न करता नक्षी कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त नगांवर छापली की तिच्यावरचा कॉपीराइटही संपतो. छपाईवाल्या बंधूंसाठी पन्नास नग म्हणजे एका दुपारचे काम.